बसथांब्यावर ठेवलेला कुमेरवाडा

कुमेरवाड्याला गेले ती मामींना भेटायला आणि एक चूक मोजायला. पाळी आणि सुर्ला यांच्यामधल्या डोंगरात सात घरं. ते स्वतंत्र गाव नाही, पंचायतीचा वेगळा प्रभागही नाही. फोनवरच्या नकाशात नाव दिसतं, कारण ते मी घातलंय. नकाशे हे माझं काम.

डिचोलीहून साखळी, तिथून पाळीकडची बस. सुटे पैसे ठेवा. साखळीतच पातळ भाजी-पाव खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. कंडक्टरला कुमेरवाडा सांगितलं, त्याने पत्र्याच्या एका थांब्यावर उतरवलं. फोन म्हणाला, पोहोचलात. आजूबाजूला खनिजाच्या ट्रकांच्या धुळीने लाल झालेली झाडं. घर एकही नाही.

या थांब्यालाच सगळे कुमेरवाडा म्हणतात. वाडा तिथून पाऊण तासाच्या चढावर. उपग्रहाच्या चित्रात काजूंखालची घरं दिसेनात, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी मामांना फोनवर विचारलं. बस थांबते तिथे, ते म्हणाले. मी टिंब ठेवलं. तपासलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामांच्या छातीत कळा आल्या. रुग्णवाहिकेला फोन एकदा लागला, मग रेंज गेली. रुग्णवाहिका नकाशाप्रमाणे थांब्यावर येऊन उभी राहिली. सुर्ल्याच्या बाजूने दारापर्यंत गाडी जाते, पण तो रस्ता मी काढलेलाच नव्हता. शेजाऱ्यांनी मामांना खुर्चीत बसवून पायवाटेने खाली आणलं. थांब्यापर्यंत ते टिकले नाहीत.

वर पोहोचले तेव्हा शेजारचे आबा कुंपण बांधत होते. म्हणाले, "साहेब लोक थांब्यार फोटो काढून परत जातत. तू वर तरी इलंस."

मामींनी पेज वाढली. टिंब माझं होतं, हे मी जेवण झाल्यावर सांगितलं. त्यांनी ताट उचललं, धुतलं, पालथं घातलं.

"माका सांगून काय उपेग? आता नीट घाल. आबांच्या सुनेक आठवो म्हयनो लागलो."

दारातून अक्षांश-रेखांश तीनदा घेतले. सुर्ल्याचा रस्ता चालत उतरले, प्रत्येक वळण नोंदवलं. तुम्ही गाडीने जाणार असाल तर तोच धरा.

पणजीला परतल्यावर दुरुस्ती पाठवली, चार दिवसांनी मंजूर झाली. मग थांब्यावरचं जुनं टिंब काढायला घेतलं. त्याखाली एकच अभिप्राय होता, मामांचा. पाच तारे. "जागा बरोबर. आमच्या भाचीने घातली."

टिंब पुसलं की अभिप्रायही जातो. मी पुसलं.