झाकणातली भाजी

घरून काम सुरू झाल्यापासून मी सगळं शिस्तीत बसवलं आहे. दर तासाला उठते, पाणी पिते, डोळ्यांना विश्रांती देते. जेवणसुद्धा सकाळीच डब्यात भरून ठेवते. आज दुपारी डबा उघडला आणि सवयीने थोडी मेथीची भाजी झाकणात काढली, ऑफिसात शेजारच्या शोभासाठी काढायचे तशी. टेबलाशी मी एकटीच होते.

ऑफिसात साहेब ओरडले, तर जेवणाच्या सुट्टीत त्यांची नक्कल व्हायची आणि ते ओरडणं तिथेच संपायचं. घरात त्यांचं एखादं वाक्य दिवसभर माझ्यासोबत राहतं. हसण्यावारी न्यायलाही दुसरं माणूस लागतं.

मी शोभाला फोन लावला.

“काय गं, आज काय आणलंयस?”

ती म्हणाली, “तोंडली. तू?”

“मेथी.”

“नको बाई. कडू करतेस तू.”

सकाळपासून पहिल्यांदाच मी हसले. फोन स्पीकरवर टाकून डब्याशेजारी उभा केला. पलीकडे पापड मोडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ दोघींपैकी कुणी बोललं नाही, आणि फोनही कुणी बंद केला नाही.