गादीवरचे बिशप अन् खाटेवरचे मोठेबाबा

अरे बाबू, कान इकडे कर, अन् पह्यले बोलणी खाऊन घे. दिराचा पोरगा फादर झाला म्हणून मोठी आई त्याले रागवणार नाई, असं समजू नको. शहरातल्या बिशपांच्या इतिहासाचं तुझं पुस्तक पोचलं. कागद काय गुळगुळीत! पानोपानी अंगठ्या, टोप्या, सोनेरी दंडे. हा गादीचा इतिहास झाला, बाप्पा. आमचा कुठं आहे?

मी लग्न होऊन या गावात आली, तवा गोरे बिशप होते. बैलबंडीनं येत. भाकर पाहून तोंड वाकडं करत, पण येत. मग दक्षिणेकडचे आले, जीपमधी. आमच्या बायांनी पाय धुतले, ओवाळलं. म्हणे, "लवकरच इथं फादर देतो." त्यायच्या नंतरचे कारमधी आले. काच खाली करून विचारलं, "ख्रिस्ती घरं किती?" सांगितलं. काच वर गेली.

फादर काही आला नाई. रविवारची प्रार्थना तुझे मोठेबाबाच सांगत. त्यात बिशपासाठी एक विनंती असतेच. सारा पावसाळा आम्ही नाव घेऊन म्हटलं, "देवा, आमच्या बिशपाले बरं ठेव." मग आर्वीच्या बाजारात एक सिस्टर भेटली. म्हणाली, "अहो, ते तर उन्हाळ्यातच वारले! नवे गादीवर बसलेसुद्धा." शहरात मांडव पडला, बँड वाजला, अन् आमाले एक फोन नाई! मी तणतणली. मोठेबाबा म्हणे, "जाऊ दे वो. मेलेल्याले का प्रार्थना लागत नाई?" असा भोळा माणूस.

तोच आता खाटेवर पडला आहे. बोलणं कमी झालं. मांगणं एकच, मरायच्या आधी फादरच्या हातून ख्रिस्तप्रसाद. बिशपांच्या बंगल्यावर फोन लावला. तिथले फादर म्हणतात, "आजी, पुन्हा नवे बिशप येताहेत, स्वागताची गडबड आहे. नंतर बघू." नंतर! गादीले घाई, अन् मरणाऱ्यानं थांबावं? अन् तू लिहितो, सगळे बिशप गावोगावच्या गरिबांचे बाप होते म्हणून. काऊन लिहितो रे असं? बाप असा राह्यते का?

कोणाची परवानगी लागत असन तर घे, नाईतर नको घेऊ. ख्रिस्तप्रसाद घे अन् आर्वीची एसटी पकड. मोठेबाबा दाराकडे पाहून राह्यले. याच आठवड्यात येजो, बेटा.