एका चांदणीचा दावा

तान्ह्या पोळ्याचा दिवस, दुपार. ठिकाण: लाखनी, हायवेला लागून असलेलं आमचं भोजनालय. हजर: मी, माझे यजमान (पाटवडीचा रस्सा इतका झक्कास करतात, की बाकी कशालाच मी त्यांना हात लावू देत नाही) आणि माझा धाकटा भाऊ प्रशांत, जो भंडाऱ्याच्या कोर्टात वकील आहे आणि सणाला आला होता. गैरहजर: शत्रू. त्याच्यावर आम्ही केस टाकणार होतो.

शत्रू कोण, एवढंच काय ते माहीत नव्हतं!

झालं असं, की नागपूरच्या एका ट्रॅव्हलवाल्यानं त्याची बस रोज जेवायला आमच्याकडे थांबवायची तयारी दाखवली होती. "फक्त नेटवरचं रेटिंग पाहून कळवतो," म्हणाला. आमचं रेटिंग चांगलं चार चांदण्यांच्या वर होतं. (लोक स्टार म्हणतात. आमच्याकडे चांदणीच.) आणि चार दिवसांत ते धाडकन दोनवर आलं! एकामागून एक, नुसती एकेक चांदणी. देणारे कोण? 'सिहोरा किंग', 'बुलेट राजा', 'पापा की परी'!

"समोरचा चहावाला असंल," यजमान म्हणाले.

"तो 'पापा की परी' आहे?"

"आजकाल कोनाचं काय सांगता येते!"

मी प्रशांतसमोर वही-पेन घेऊन बसले. "सांग. एक नंबरला काय करायचं?"

"आधी स्क्रीनशॉट काढ. मग साइटवर तक्रार कर, की हे खोटं आहे. नाही काढलं तर त्यांना वकिलाची नोटीस. मग कोर्टातून हटवायचा हुकूम, नुकसानभरपाईचा दावा. मानहानीची फौजदारी तक्रारही होते."

"सगळंच करू," मी लिहून घेतलं.

"ताई, थांब. मानहानीला खोटं विधान लागते. इथं तर कोणी काही बोललंच नाही. नुसती चांदणी! नाही आवडलं म्हणणं गुन्हा नाही."

"एकानं लिहिलंय ना! हे बघ, बुलेट राजा: 'वांग्याची भाजी खतरनाक!' वर एक चांदणी. टोमणा आहे हा!"

"टोमणा कोर्टात सिद्ध कसा करशील?"

"भाजीच चाखायले द्या ना जजसाहेबांले," यजमान म्हणाले. मी त्यांना स्वयंपाकघरात पाठवलं.

शेवटी ठरलं, की नोटीस तयार करायची आणि सायबर पोलिसांकडे अर्ज द्यायचा, म्हणजे खात्यांमागची माणसं सापडतील. मी अर्जात 'संघटित टोळी' हा शब्द घातला. प्रशांत नको म्हणत होता, पण मला तो फार आवडला होता.

तेवढ्यात टोळीचा फोन आला.

सिहोऱ्याचे मामाजी. यजमानांचे सख्खे मामा, धानाची शेती, आवाज असा की फोनची गरज नाही.

"सूनबाई! पोचले का आमचे नंबर?"

"कसले नंबर, मामाजी?"

"अवो, तुमीच नाही का गुरुपवर टाकलं, 'सर्वांनी आपल्या हॉटेलला एक नंबर रिव्ह्यू द्यावा, तातडीचे' मनून? देल्ला ना! नातवाच्या मोबाइलवरून देल्ला, नातीच्या देल्ला. गल्लीतल्या पोरायलेबी द्यायले लावला. एक नंबर!"

टाकलं होतं खरं. ट्रॅव्हलवाल्याशी बोलणं झाल्याबरोबर, घरच्या ग्रुपवर, मीच!

"मामाजी... चांदण्या पाच असतात. पाचवी दाबायची."

"पाचवी? पाचवी काहून? वर्गात पोरगा पाचवा आला तं का पेढे वाटता? पयला तो पयला!"

प्रशांत भिंतीकडे तोंड करून हसत होता. हसून झाल्यावर म्हणाला, "ताई, त्या गल्लीतलं कोणी तुझ्याकडे जेवलं आहे?"

"नाही."

"मग न जेवता रिव्ह्यू द्यायला लावणं, याले काय म्हणते? ज्याच्यावर तू केस टाकून राहिली होती, तेच. एका चांदणीचा असो की पाच चांदण्यांचा, खोटा तो खोटाच. समोरच्या चहावाल्यानं तुझ्यावरच तक्रार केली असती ना!"

मी अर्ज फाडला. 'संघटित टोळी'सकट.

मी ग्रुपवर 'काढून टाका' लिहिलं, तशा बाकीच्या नातेवाईकांनी त्याच संध्याकाळी आपापल्या चांदण्या काढल्या. राहिली ती मामाजींची गल्ली. त्यांना फोन केला, की ते आधीच सुरू होतात, "काल मोहाडीच्या बाजारात दोघं भेटले, त्यायच्याकडूनबी दाबून घेतला!" इतक्या मायेनं कोणी आपलं दुकान बुडवत असेल, तर त्याला नोटीस कशी द्यायची, हे प्रशांतच्या कायद्याच्या पुस्तकात नाही. "तुम्ही सांगा," असं मी यजमानांना म्हणते. "तुझी जीभ जास्त चालते," असं ते मला म्हणतात.

ट्रॅव्हलवाला उद्या रेटिंग पाहणार आहे. 'मामाजींना समजावणे' हे काम आज सकाळी मी यादीत सगळ्यात वर लिहिलं आहे, आणि सकाळपासून यादी खालून वर करत आले आहे. आत्ताच लोणच्याच्या बरण्या पुसून झाल्या. दुसऱ्यांदा!