बारा टक्क्यांवरचा उद्योग

मोबाइल दुरुस्त करता करता दाजींचे केस पिकले, पण मेहुण्यापुढे त्यांनी हात टेकले होते. बॅटरी लवकर उतरते म्हणून शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या गृहस्थाने व्हिडिओ बघून फोनमध्ये कुठलंसं परकं सॉफ्टवेअर घातलं, आणि ते निम्मं चढतंय तोच फोनने मान टाकली.

“सुरुवातीला चार्ज किती होता?”

“बारा टक्के.”

“बारा! अरे, मध्येच बॅटरी संपली की फोन कामातून जातो, कितीदा घसा फोडू? चार्जर लावायला काय धाड भरली होती?”

मेहुण्याने गरीब चेहऱ्याने दुकानातल्या पाटीकडे बोट दाखवलं. दाजींच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘चार्जिंगला लावलेल्या फोनला हात लावू नये.’