मामांनी पुसलेली काच

पावसाळा सरला की डोणगावचे फोटोवाले मामा कॅमेऱ्याची भिंगं घराच्या धाब्यावर उन्हात ठेवत. एका बाजूला शेजारणीचे मूग, दुसऱ्या बाजूला मामांची भिंगं, आणि कावळे हाकलायला डोक्यावर पंचा घेतलेले खुद्द मामा.

काचेत धरलेल्या बुरशीला ते पाहुणा म्हणत. "चार महिने फुकटात राह्यला, आता निघा म्हना!" गावाला मात्र हा पाहुणा भारी लाडका. त्याचं जाळं पसरलं की फोटो दुधात बुडवल्यासारखे येत आणि सगळ्या मुली गोऱ्यापान दिसत. म्हणून स्थळांना धाडायचे फोटो पावसाळ्यातच उरकायची आयांना कोण घाई! मामा नुसते चरफडत.

माझ्या चेहऱ्यावर देवीचे व्रण. तसला दुधाळ फोटो पाहून दोन स्थळं हौसेनं आली आणि मला पाहून चहा अर्धा टाकून गेली. तिसरं स्थळ जानेफळचं. वडील मला घेऊन गेले तेव्हा मामांनी स्पिरिटचा बोळा हातात घेतलाच होता.

"मामा, हिचा फोटो होऊ द्या, मग पुसा."

"भाऊ, फोटो पसंत पडला अन् पोरगी नाही पडली त? काच आंदनात देसान काय?"

मामा माझ्याकडे वळले. "तू सांग वो बाई. पुसू का राहू देऊ?"

पुन्हा नकार येईल, ही भीती होतीच. पण मला पाहताच पडलेली त्या आधीच्या दोन मुलांची तोंडं त्याहून वाईट होती. "पुसा," मी म्हणाले.

मामांनी घरी आणून दिलेल्या फोटोत व्रण न् व्रण उमटला होता. आई रडायलाच लागली. "नाक कसं तरतरीत आलं थे पाहा ना!" मामांनी तिलाच दटावलं.

जानेफळकर आले. मुलानं एकदा फोटो पाहिला, एकदा मला पाहिलं. "फोटोतल्यासारखीच हाये," तो आईला म्हणाला आणि त्यानं आणखी एक चहा मागितला. मला इतकं हसू आलं की आत पळावं लागलं.

पाठवणीचा फोटोही मामांनीच काढला. त्यात आम्ही सगळेच अंधुक आहोत. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो फोटो माझ्या बैठकीत आहे. कुणी विचारलं तर मी सांगते, काच स्वच्छ होती, मामांचा हात हलला.