दोन एकसष्ट

ओरिन हाउगस्टाड ऑगस्ट लागला की बूट घालूनच अंथरुणावर पडतो, हे त्याची बायको आर्डिस चर्चच्या तळघरात कॉफी ओतता ओतता सांगते. बायका हसतात. तीही हसते, पण थोडी कॉफी बशीत सांडते.

माणूस एवढा थोराड, की सत्तरीला टेकला तरी दारातून आत येताना खांदा तिरका करावा लागतो. नऊ वर्षं तो मोठ्या क्लबकडून फुटबॉल खेळला, अमेरिकेतला, हातात चेंडू घेऊन पळायचा. समोरच्या आडदांडावर आदळायचं, त्याला हलू द्यायचं नाही. चेंडू घेऊन पळणार दुसराच, टाळ्याही त्यालाच. असलं काम.

मूळचा तो गोठ्यातला. दर वसंतात क्लबवाले कॉलेजातली पोरं नावं पुकारून आपापसांत वाटून घेतात. तेव्हा बारा फेऱ्या व्हायच्या. पहिल्या फेरीतल्या पोराचा फोटो पेपरात यायचा, शेवटच्या फेरीतल्याचं नाव त्याच्या आईलासुद्धा शेजारणीकडून कळायचं. ओरिनला शेवटच्या फेरीतही कोणी घेतलं नाही. बाप दूध काढत रेडिओ ऐकत होता. नावं संपली तसा त्यानं रेडिओ बंद केला आणि म्हणाला, "चला, गोठ्याला एक माणूस मिळाला."

पण ऑगस्टातल्या सराव शिबिरात धडका खायला माणसं लागतातच. म्हणून क्लबनं असली न पुकारलेली पोरं गोळा केली आणि नदीकाठच्या कॉलेजच्या वसतिगृहात आणून टाकली. सदऱ्यांवरचे आकडे कमी आणि पोरं जास्त, मग एकच आकडा दोघांना द्यायचे: एक चढाईवाला, एक बचाववाला. पुकारलेल्यांना आपला आकडा कुणाशी वाटून घ्यावा लागत नसे. ओरिन एकसष्ट, आणि नेब्रास्काहून आलेला एमेट कोलाचेकही एकसष्ट. दोघांना खोलीही एकच दिली.

"कोच मला नावानं ओळखत नाहीत," ओरिन म्हणायचा.

"मग मी चुकलो की शिव्या तुला," एमेट म्हणायचा, आणि आईनं पाठवलेल्या खसखशीच्या गोड पावातला अर्धा तोडून त्याला द्यायचा.

एमेट मोकळा गडी. ओरिनचं तसं नव्हतं. पहिल्या फेरीचा पोरगा दोनदा चुकला तरी त्याच्यावर ओतलेल्या पैशापायी त्याला तिसऱ्यांदा उभं करतात. न पुकारलेल्यानं एकदा चुकायचं आणि घरी जायचं. हे ओरिननं असं मनाला लावून घेतलं होतं, की झोपेतही त्याचे पाय जमिनीत रोवल्यासारखे ताठ असायचे. त्याला इथंच राहायचं होतं. बाकी काही नाही.

ज्याला काढायचं त्याच्या दारावर पहाटे लेस्टर बोम यायचा. पोरं त्याला तुर्क म्हणत. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. दार वाजवायचा आणि सांगायचा, कोच बोलावतायत, संघाचे डाव लिहिलेलं बाड घेऊन ये. बाड परत मागितलं की समजायचं.

त्या पहाटे नदीवरून धुकं चढलं होतं, खिडकीशी आलं होतं. दार वाजलं.

"एकसष्ट. बाड घेऊन ये."

आवाज घोगरा होता. कोणता एकसष्ट ते काही सांगितलं नाही. ओरिननं पांघरूण डोक्यावरून ओढलं आणि श्वास धरला. थोड्या वेळानं एमेटच्या खाटेची स्प्रिंग कुरकुरली. दार उघडलं. मग एमेटनं आपलं सामान भरलं, आणि ओरिनच्या खाटेपासून होता होईल तेवढं लांबून, भिंतीला पाठ घासत निघून गेला.

ओरिन सरावाला गेला. कोणी काही विचारलं नाही. शनिवारच्या सामन्यात पहिल्या फेरीच्या धिप्पाड गड्याचा गुडघा गेला, आणि कोचनी बाकाकडे न बघताच हाक मारली, "एकसष्ट." ओरिन उभा राहिला तो नऊ वर्षं उभाच राहिला. पुढे कोच लोकांना सांगत, "चार-पाच पोरं सगळ्या जगाला दिसतात. बाकीचा संघ कशाचा बांधायचा? कोणी वळून न बघितलेल्या पोरांचा. तो हाउगस्टाड बघा."

हाउगस्टाड मात्र दर ऑगस्टला बूट घालून, बाड मांडीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसायचा. ती हाक आपली होती, दुसऱ्यानं घेतली, आणि तुर्क चूक सुधारायला येणार, हे त्याच्या डोक्यातून जाईना. आला नाही. नवव्या वर्षी तो स्वतःच बाड घेऊन कोचसमोर उभा राहिला.

"तुला कोणी बोलावलं?" कोच म्हणाले.

"कोणी नाही. तेच सहन होत नाही."

यंदा शेवटी आर्डिसनं त्याला गाडीत घातलं. "जा, त्या तुर्काला एकदाचं विचार. तुझ्या बुटांनी चादरी फाटल्या माझ्या."

लेस्टर बोम वृद्धाश्रमात, गुडघ्यावर शाल घेऊन बसला होता. डोकं मात्र शाबूत होतं.

"कोलाचेक?" तो म्हणाला. "त्याला तर ठेवायचं होतं. तोच पळून गेला, बाड कोचच्या दाराशी ठेवून."

"तुम्ही बोलावलंत ना, बोमसाहेब. दार वाजवलंत."

"मी? त्या दिवशी मी गावी, डब्यूकला होतो. भावाचं दफन होतं. त्या दिवशी कोणालाच काढलं नाही." त्यानं ओरिनकडे नीट बघितलं. "काढायचं तुला होतं. सोमवारी. पण मधे शनिवार आला."

ओरिन घरी वळला नाही. तसाच नेब्रास्काला गेला.

एमेट शेतांवरचे पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. वाळलेला, हसरा. अंगणातच त्यानं ओरिनला ओळखलं, पण हात पुढे करायच्या आधी त्याच्या मागे, गाडीकडे बघितलं.

"एकटाच आलास?"

"एकटाच."

"बरं झालं. ये, बस."

ओरिननं विचारलं, त्या पहाटे दारात कोण होतं? एमेट हात पुसत राहिला.

"तुला खरंच ठाऊक नाही?"

"नाही."

"तू होतास. बनियनवर, अनवाणी, गुडघ्यापर्यंत दवानं भिजलेला. तोंडावर काही नाही. राग नाही, काही नाही."

"मी खाटेवर होतो, एमेट."

"खाटेवरही होतास. पांघरूण वरखाली होत होतं, मी वळून बघितलं." एमेटनं खुर्ची किंचित मागे सरकवली. "मला वाटलं, ज्याला इतकं हवंय की एका अंगात मावत नाही, त्याच्याशी मी काय झगडू? कोचची खोली बंद होती. बाड दाराला टेकवलं आणि बस पकडली."

"तुझी जागा होती ती. तुला ठेवणार होते."

"असेल. वर्षभर जड गेलं. मग पंप आले, बायको आली." तो थोडा हसला. "टीव्हीवर तुझा सामना लागला की बघायचो. खेळ नाही रे. तुझ्या शेजारी कोण उभं आहे तेवढं."

"कोण असायचं?"

एमेटनं बायकोला हाक मारून जेवण वाढायला सांगितलं.

डुकराचं मांस, आंबट कोबी, उकडलेले पिठाचे गोळे. ओरिन मनापासून जेवला. बाहेर अंधारून आलं तशी त्यानं टोपी उचलली, पण एमेटच्या बायकोनं मागच्या खोलीत अंथरूण घातलं होतं.

"राहा आजची रात्र," एमेट म्हणाला. मग मान खाली घालून, पाहुण्याला जास्तीची उशी हवी का विचारावं तसं म्हणाला, "फक्त, तुला राग येणार नसेल तर, कडी बाहेरून लावतो. घरात नातवंडं आहेत."

ओरिन खाटेच्या काठावर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"लाव," तो म्हणाला. "आणि ओढून बघ, नीट बसली का."