रुपरावांनी होडी वाळत घातली

नंदनवनच्या पाण्याच्या टाकीवर रुपराव मेश्राम एकतीस वर्षं चावीवाले होते. ही चावी कुलपाची नव्हे. कमरेएवढी लांब लोखंडी चावी रस्त्यातल्या खड्ड्यात घालून फिरवली की या गल्लीचं पाणी बंद आणि त्या गल्लीचं सुरू. नगरसेवक बदलला तर वस्तीत कोणाला पत्ता लागत नसे, पण रुपरावांना ताप आला की तीन गल्ल्यांतल्या बाया विचारपूस करायला यायच्या. त्यात माया किती आणि रिकामे ड्रम किती, हे ज्याचं त्यानं समजावं.

रुपरावांचं साडेपाच म्हणजे साडेपाच. पोरीच्या हळदीची वेळ ठरवायच्या आधी लोक त्यांना विचारून जात, आणि तेही भटजीसारखे डोळे मिटून हिशेब करून सांगत. लग्नात मग वधूपित्याच्या खालोखाल मान त्यांचा. सासरा एखादे वेळी जेवायचा राहिला तर राहिला, रुपरावांच्या पानात दोनदा बुंदी पडायची.

या तोऱ्याची थट्टा किती करायची याला मात्र एक हद्द आहे. रुपरावांचा आजा सावनेरकडच्या खेड्यात विहिरीपासून दहा हात लांब रिकामी घागर घेऊन उभा राहायचा. कोणाला दया आली तर वरून ओतणार, नाही तर ऊन उतरेपर्यंत उभा. त्या आज्याच्या नातवाच्या हाती सातशे घरांचं पाणी आलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी बापानं ती चावी हातात तोलून पाहिली आणि एवढंच म्हटलं, "कोणाले ताटकळत ठेवजो नको गा."

रुपरावांनी कोणाला ताटकळत ठेवलं नाही. फक्त रिटायर झाल्यावर एक खोड जडली. पाणी या विषयात आपल्यापुढे कोणी तोंड उघडू नये, असं त्यांना वाटू लागलं. तर्रीपोह्याच्या गाडीवर मधुकरराव नावाचे त्यांचे जुने सोबती बसत. त्यांनी एकदा धरणाबद्दल काही म्हटलं, तर पोहे थंड होईपर्यंत रुपराव त्यांना धरण समजावत राहिले.

गेल्या जानेवारीत त्यांच्या लेकीनं, दीक्षानं, आईबापांना कोकणात न्यायचं ठरवलं. ती आणि जावई प्रशिक पुण्याला नोकरीला. खाडीकाठच्या एका गावात घरगुती मुक्काम आणि दोन दिवस शिडाच्या होडीतून खाडीची सैर, असा बेत होता. गावाचं नाव इथं मुद्दाम सांगत नाही, तिथल्या बायांची जीभ लांब आहे. नंदनवनात रुपरावांनी ही बातमी अशी फिरवली की आरमार निघालं असं वाटावं. सत्यवतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या कारभारणीनं, मुकाट्यानं ठेच्याची बरणी भरली. त्यांचं माहेर भिवापूर. मिरचीशिवाय ती बाई शेजारच्या बारशालाही जात नाही.

होडीवर तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, होता बाबल. पन्नाशीचा, काटकुळा, बोलायला कंजूष. पहिल्या दिवशी सगळं झकास झालं. वाऱ्यानं शीड फुगलं, होडी आवाज न करता सरकू लागली, दोन्ही बाजूंना माड मागे मागे जाऊ लागले आणि दीक्षानं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. रुपरावांनी बाबलकडून सुकाणू धरायला मागितलं. त्यानं दिलंही, फक्त आपलं बोट खालून लावून ठेवलं. ते बोट रुपरावांना दिसलं नाही, बाकी सगळ्यांना दिसलं. रात्री त्यांनी मधुकररावांना फोटो पाठवला आणि खाली लिहिलं की होडी चालवणं काही कठीण नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता भरती पुरी भरली होती. खारफुटीच्या झाडीत शिरणारा एक चिंचोळा फाटा रुपरावांना दिसला. आत गार सावली. त्यांनी तिथंच जेवायचं ठरवलं. बाबलनं नकाराची मान हलवली. म्हणाला, आत नेतो, पण पाव तासात बाहेर निघायला हवं, इथलं पाणी लवकर उतरतं.

सत्यवतीबाईंनी सकाळी घरमालकिणीच्या चुलीवर पाटोडीची, बेसनाच्या वड्यांची तिखट भाजी केली होती. आता नागपूरची पाटोडी पाव तासात जेवून दाखवावी कोणी. दीक्षा आणि प्रशिक जेवले आणि काठावरच्या खडकांवर फोटो काढायला गेले. बाबलनं पाण्याकडे पाहिलं आणि निघायची आठवण केली. रुपरावांनी भात मागितला. बाबल पुन्हा बोलला. रुपरावांनी हात धुतले आणि होडीच्या तळाशी सतरंजीवर आडवे झाले. सत्यवतीबाई पलीकडे तोंड करून आधीच पडल्या होत्या. मग बाबल जवळ येऊन उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "काकानू, पाणी परतला. आता निघाक व्हया, नायतर होडी बसतली."

रुपरावांनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "एकतीस साल मी पाणी सोडलं गा. तू मले पाण्याचा टाइम शिकवून राहिला का?"

बाबल उठला. होडीच्या मालकाचा हुकूम होता, पाहुणे म्हणतील तसं करायचं. तो टोकाला जाऊन पाण्याकडे बघत बसला.

रुपरावांना जाग आली ती घरंगळत. होडी एका कुशीवर कलली होती आणि ते सतरंजीसकट खालच्या बाजूला येऊन पडले होते. बाहेर पाहिलं तर पाणी नाही. पाणी कमी नव्हे, नाहीच. दूरपर्यंत काळा, चमकणारा गाळ, त्यात तुरुतुरु पळणारे खेकडे आणि मधोमध शीड गुंडाळलेली होडी. नळ बंद केला तरी नळीत थोडं पाणी राहतं. इथं कोणीतरी नळीच उचलून नेली होती.

तिसऱ्या मिनिटाला माणसं आली. टोपल्या घेऊन शिंपल्या वेचायला निघालेल्या चार बाया गुडघाभर गाळातून, बाजारात चालावं तशा चालत होडीपाशी पोचल्या. त्यांतल्या म्हातारीनं कमरेवर हात ठेवून होडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि विचारलं, "होडी वाळत घातलंस काय रे, बाबल?"

बाया हसल्या. बाबल मान खाली घालून दोर गुंडाळत राहिला. रुपरावांनी पुन्हा झोपेचं सोंग घेतलं. कललेल्या होडीत झोपेचं सोंग घेणं सोपं नाही. माणूस सारखा घसरतो.

दीक्षा आणि प्रशिक चिखल तुडवत धापा टाकत आले. चार वाजता त्यांना पुण्याची वाट धरायची होती, दुसऱ्या दिवशी दोघांचं ऑफिस होतं. प्रशिकनं मालकाला फोन लावला. मालक इंजिनाची होडी घेऊन फाट्याच्या तोंडाशी आला आणि तिथून, साऱ्या खाडीला ऐकू जाईल असा, बाबलवर ओरडू लागला. वयाची पन्नाशी गाठलेल्या माणसाला शाळेतल्या पोरासारखं. दीक्षाही तापली होती. पण पोरगी न्यायाची. तिनं आधी बापाकडे वळून विचारलं, "बाबा, यानं तुम्हाले सांगितलं होतं का, पाणी जाते म्हणून?"

गाळात उभ्या बाया ऐकत होत्या. प्रशिक ऐकत होता. जावयासमोर सासऱ्याची किंमत काय असते, हे ज्याला जावई आहे त्यालाच कळेल. रुपरावांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मले काही बोलला नाही."

बाबलनं एकदाच मान वर केली. रुपरावांकडे पाहिलं, रागानं नाही, नीट बघून घ्यावं तसं. मग मालकाच्या दिशेनं वळून म्हणाला, "होय मालकानू, चुकी माझी."

त्यावर दीक्षा त्याला काय काय बोलली. बिनडोक म्हणाली, आईचं वय तरी पाहायचं म्हणाली, लोकांच्या जिवाशी खेळता म्हणाली. रुपराव आपल्या चपला शोधत राहिले. मग सगळे गाळातून इंजिनाच्या होडीपर्यंत गेले. रुपराव दोनदा फसले. दोन्ही वेळा त्या म्हातारीनंच हात धरून ओढून काढलं आणि एक अक्षर बोलली नाही. मघाशी एवढी बोलकी बाई. बाबल मात्र होडीपाशीच थांबला, पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे मध्यरात्रीपर्यंत. सत्यवतीबाईंनी उरलेली पाटोडी आणि भाकरी त्याच्याजवळ ठेवली होती. ठेव म्हणून त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

नागपूरला परतल्यावर नंदनवनाला चमत्कार पाहायला मिळाला. रुपराव प्रवासाबद्दल बोलेनात. मासोळी कशी होती विचारलं तर बरी होती. समुद्र कसा होता, तर होता. लोकांनी तर्क लढवले. कोणी म्हणालं जावयाशी बिनसलं, कोणी म्हणालं खाऱ्या हवेनं घसा धरला.

बाराव्या दिवशी पोह्याच्या गाडीवर मधुकररावांनी मोबाइल बाहेर काढला. दीक्षानं त्या मुक्कामाच्या जागेबद्दल इंटरनेटवर लिहिलं होतं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवरून फिरत ते नंदनवनात आलं होतं. मधुकररावांनी ते मोठ्यानं वाचलं. तांडेलाला भरती-ओहोटीचंही ज्ञान नाही, माझ्या ज्येष्ठ आईवडिलांना त्यानं काही न सांगता गाळात अडकवलं, अशा माणसाच्या हाती होडी देऊ नये. खाली मालकाचं उत्तर होतं की क्षमस्व, त्या तांडेलाला होडीवरून काढलं आहे.

"बरा धुतला गा तुमच्या पोरीनं," मधुकरराव म्हणाले. गाडीवर सगळे खूश. रुपरावांच्या तोंडात घास होता. तो त्यांनी बराच वेळ चावला.

घरी येऊन त्यांनी आतल्या खोलीचं दार लावलं. बाबलचा नंबर पहिल्या दिवशीच फोटोंसाठी घेतलेला होता. बोलणं त्यांनी मनात दहा वेळा घोकलं होतं. चूक माझी होती, मी तुमच्या मालकाला फोन करून खरं सांगतो, ते तुम्हाला परत घेतील. सगळं एका दमात सांगून झालं. पलीकडून बाबलनं आधी विचारलं, काकी बऱ्या आहेत ना.

मग म्हणाला, "मालकाक म्हायती आसा, काकानू. गावात सगळ्यांका म्हायती आसा. पंचवीस वर्सा होडी हाकतंय मी. तांडेल ओहोटीच्या टायमाक थयसर होडी ठेवता काय?"

रुपरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मालक पावण्याक बोलतलो काय? म्हणून माका बोललो. बायो हसल्यो त्या माका नाय हसल्यो." हे त्यानं टोचून नाही, नुसतं माहितीसाठी सांगितलं. "पण लिवलेला ऱ्हवता. ता वाचून लोक मालकाक इचारतत, तांडेल तोच हा काय. म्हणून काढल्यान माका. तुमच्या चेडवाक सांगून ता तेवढा पुसा."

फोन ठेवल्यावर रुपराव पलंगाच्या कडेवर बसून राहिले. म्हणजे त्या गाळात उभ्या असलेल्या एकूण एक माणसाला खरं माहीत होतं. मालकाला, त्या म्हातारीला, टोपलीवाल्या बायांना. खोटं खपलं होतं ते फक्त त्यांच्यावर विश्वास ठेवणाऱ्या पोरीपुढे. तिच्याच तोंडानं ते बोललं गेलं, तिच्याच हातानं लिहिलं गेलं. विहिरीपाशी उभं राहून जगाचं ऐकून घेणारा आजा त्यांनी पाहिलेला नव्हता, बापाकडून फक्त ऐकला होता. ऐकून घेणारा माणूस कसा दिसतो, हे त्यांनी खाडीत पाहिलं. आणि त्या वेळी आपण कोणत्या बाजूला उभे होतो, हेही.

दीक्षाला त्यांनी संध्याकाळी, ती ऑफिसातून घरी पोचल्यावर फोन केला. वाक्य छोटं केलं होतं, म्हणजे अर्ध्यात थांबता येऊ नये. त्यानं सांगितलं होतं, मी खोटं बोललो. पलीकडे कुकरची शिटी झाली, दुसरी झाली.

"बाबा," दीक्षा म्हणाली, "मी त्या माणसाले बिनडोक म्हटलं."

"हो."

"तुम्ही उभे होते तिथं."

त्यांनी पुन्हा हो म्हटलं. मग बाबलचा निरोप दिला, तेवढं पुसून टाक म्हणाले. दीक्षा म्हणाली की पुसणार नाही. पुसलं तर त्याची चूक नव्हती हे कोणाला कळणार, काढलेला माणूस काढलेलाच राहील. "मी माझी माफी लिहीन ते माझं. तुम्ही त्याच्या खाली लिहा, तुमच्या नावानं. जे झालं ते." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. रोज ठेवायच्या आधी जेवलात का विचारायची, ते त्या दिवशी विचारलं नाही.

रुपराव मोबाइल घेऊन बसले. नंदनवन ते वाचणार, मधुकरराव तर मोठ्यानं वाचणार, हे ठाऊक असूनही बसले. एका बोटानं टाइप करायचं, त्यात काना गेला तर मात्रा येईना. तासाभरात चार ओळी झाल्या. माझे नाव रुपराव मेश्राम, राहणार नंदनवन, नागपूर. तांडेलाने मला तीन वेळा सांगितले होते की निघा, पाणी उतरते. मी ऐकले नाही. नंतर माझ्या मुलीने विचारले तर खोटे बोललो.

सत्यवतीबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, दोनदा वाचलं आणि मोबाइल परत दिला.

"तीन नाही," त्या म्हणाल्या. "चारदा सांगितलं त्यानं."

रुपरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तू झोपली होती ना वं?"

"तुमचा डोळा लागल्यावर एकदा अजून बोलला. तुमी घोरून राहिले होते." त्यांनी मेथीची जुडी हातात घेतली. "मी जागीच होती. तिथं गाळात बी जागीच होती. दीक्षानं इचारलं, तवा मी बी काही बोलली नाही."

मग रुपरावांनी ‘तीन’ पुसलं, ‘चार’ लिहिलं आणि मोबाइल बायकोच्या हातात दिला. म्हणाले, पाठवायचं बटन कुठं असते ते दाखव.